दिलेला शब्द

लव्हडे मटणाच्या रश्श्याचं भांडं घेऊन डेन्झिलकाकांच्या घरात शिरली, तेव्हा एक अनोळखी बाई समुद्राकडच्या खिडकीला मोजपट्टी लावून उभी होती. तिचा नवरा मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक करत होता.

"ही पाडता येईल," तो म्हणाला. "मग आत पाऊल टाकल्याबरोबर समुद्र."

डेन्झिलकाका शेगडीजवळच्या खुर्चीत बसले होते. बुधवार असून अंगात चर्चला जायचा कोट होता. लव्हडेकडे न बघताच ते म्हणाले, "आलीस? जरा चहा टाक ना, पोरी. पाहुणे लंडनहून आलेत."

तिनं किटली ठेवली. कप कुठं, साखर कुठं, हाताला ठाऊक होतं. मोर्वेनाकाकूंचं सगळं दुखणं तिनंच काढलं होतं. काकूंनी शेवटी तिचा हात धरून नवऱ्याला सांगितलं होतं, "हे घर लव्हडे आणि जेगोलाच द्यायचं. त्यांना झेपेल तेवढ्या किमतीत." काका म्हणाले होते, "दिला शब्द." त्या शब्दावर नवराबायकोनं दुसरीकडे कुठं घर बघितलंच नव्हतं. आणि आता त्यांना राहत्या भाड्याच्या खोल्या इस्टरच्या आत रिकाम्या करायच्या होत्या. मालकाला त्या सुट्टीवर येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्यानं द्यायच्या होत्या.

"तुम्ही यांच्याकडे कामाला का?" कप घेताना बाईनं गोड आवाजात विचारलं.

काका खोकले.

"नाही. गावातली आहे मी."

"नशीबवान आहात हो! इतकं शांत गाव. येताना रस्त्यात चिटपाखरू दिसलं नाही."

"वरच्या आळीतली सगळी घरं बंद असतात," लव्हडे म्हणाली. "उन्हाळ्यात उघडतात."

"हो का? किती छान," बाई म्हणाली, आणि कप हातात घेऊनच दोघं वरची खोली बघायला गेली.

जिन्यावरची पावलं थांबली. मग लव्हडे खालच्या आवाजात म्हणाली, "रविवारी गावच्या सभेत टेबलावर मूठ आपटून काय म्हणालात, काका? 'आपलं गाव विकायला काढलेलं नाही.' पहिली टाळी मी वाजवली होती."

"ते गावाबद्दल बोललो, पोरी. हे माझं घर आहे."

"आणि शब्द?"

"तुम्ही देणार त्याच्या तिप्पट देतायत. रोख." काकांनी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "मुलाकडे एक्सेटरला राहायला जायचं, तर सुनेपुढे रिकाम्या हातानं जाऊ? तूच सांग. मोर्वेना असती तर तिनंही समजून घेतलं असतं."

"काकूंचं नाव घेऊ नका."

"आता तूही असं बोलणार? मुलीसारखी तू मला."

लव्हडेनं रश्श्याचं भांडं शेगडीच्या कडेला सरकवलं. जेगो संध्याकाळी बोटीवरून येईल. त्याला काय सांगायचं? गेल्या शनिवारी या घराच्या छपरावर चढून त्यानं निसटलेल्या सात कौलांची डागडुजी केली होती. 'आपलंच तर आहे,' असं म्हणत.

पावलं परत खाली आली. बाईचा चेहरा खुलला होता.

"आम्ही घेतोय!" ती म्हणाली. "आमचं येणं वर्षाकाठी चारेक आठवडे. बाकीचे दिवस भाड्यानं देऊ. फक्त दर शनिवारी कुणीतरी चादरी बदलायला, झाडपूस करायला हवं. गावात आहे का कुणी भरवशाचं?"

शेगडीवरच्या किटलीतलं उरलेलं पाणी उकळत राहिलं.

"ही आहे ना, लव्हडे," काका म्हणाले. "तिच्यासारखं भरवशाचं माणूस शोधून सापडणार नाही."

"देवासारख्या भेटलात!" बाईनं लगेच फोन बाहेर काढला. "नंबर द्याल?"

लव्हडे तशीच उभी राहिली. बाई हसऱ्या चेहऱ्यानं ताटकळली.

शेवटी काकांनीच नंबर सांगायला सुरुवात केली. काकूंचा श्वास अडकायचा त्या दोन हिवाळ्यांत, पहाटे-दुपारी, केव्हाही काकांनी तोच एक नंबर फिरवला होता. बाईला लिहून घेता यावं म्हणून ते एकेक आकडा सुटा सुटा सांगत गेले. एकही चुकला नाही.