एका उपकुळाला एकच खोली

मृण्मयी शाळेच्या गणवेशातच जीवघरात धावत शिरली. बाहेर पारा पंचावन्नवर होता. आत मात्र चौदा थंडगार खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एकेका उपकुळातला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातला, शेवटचा उरलेला प्राणी.

"शेवंतामावशी, वर्गीकरण समितीने माझा शोध मान्य केला! कांडेचोर आणि जवादी मांजर यांचं उपकुळ एकच आहे! नववीतल्या मुलीने वर्गीकरण बदललं, आहेस कुठे!"

एरवी "हो गं माझी शास्त्रज्ञीण" म्हणणाऱ्या, प्राण्यांची देखभाल करणाऱ्या मावशीने आज वरही पाहिलं नाही. ती गुंड्याची पाण्याची वाटी विसळत होती. गुंड्या म्हणजे म्हातारा कांडेचोर, मांजरासारखाच एक प्राणी, मृण्मयीचा लाडका. ज्या केसाच्या डीएनएवरून तिने शोध लावला, तो तिच्या बाहीला चिकटलेला त्याचाच केस होता.

"सकाळीच पत्र आलंय," मावशी म्हणाली. "एका उपकुळाला एकच खोली. दोघांतला एकच राहणार. जवादी तरुण आहे."

"आणि गुंड्या?"

"संध्याकाळी त्याला बाहेर सोडायचंय."

"त्या उन्हात? मी चुकले म्हणून कळवते! आत्ताच्या आत्ता!"

"चुकलीस का पण?"

मृण्मयीने तीनतीनदा तपासलं होतं. तिने दप्तरातून केळं काढलं, सोललं आणि आत जाऊन गुंड्यापुढे ठेवलं. त्याने रोजच्यासारखं अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं नाकाने तिच्याकडे सरकवलं.