बोलत राहा

“साठ किलो असन,” भगवानराव म्हणाले.

वजनकाट्यावर त्यांची बायको कोकिळा उभी होती. डाव्या हाताला गुंडाळलेला दुपट्टा रक्तानं भिजला होता. बोंडअळीनं खाल्लेली कपाशीची पऱ्हाटी कापताना विळा निसटला आणि मनगटापासून वर लांब चीर पडली. राळेगावच्या रस्त्यावरचा हा छोटा दवाखाना त्यातल्या त्यात जवळ होता.

काटा चाळिसाच्या अलीकडेच थांबला. भगवानरावांनी वाकून पाहिलं.

“काटा बिघडला वाटते, म्याडम.”

डॉक्टर मिताली स्वतः काट्यावर चढल्या आणि उतरल्या. काटा ठीक होता. भगवानरावांनी बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कोकिळाला टेबलावर निजवून डॉक्टरांनी जखम धुतली. “टाके घालावे लागतील. आधी बधीर करू. वजन कमी आहे, तेव्हा औषधही बेतानंच.”

“जास्तच द्या ना. तिले दुखाले नाई पायजे.”

“जास्त दिलं तर हात नाही दुखणार, पण जीवावर बेतेल.” मग त्यांनी कोकिळाला विचारलं, “असं इंजेक्शन आधी कधी घेतलंय? काही त्रास झाला होता?”

“दाढ काढली तवा घेतलतं. काहीच नाई झालं,” भगवानराव म्हणाले.

“मी त्यांना विचारतेय.”

कोकिळानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “छातीत लय धडधड झालती.”

“मले नाई सांगतलं कधी!”

“दाढेच्या इंजेक्शनात कधी कधी आणखी एक औषध मिसळलेलं असतं, त्यानं होतं तसं,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी हातातली बाटली परत ठेवली, दुसरी घेतली आणि तिच्यावरचं नाव नर्सकडून, गौरीकडून, मोठ्यानं वाचून घेतलं. गौरीनं उजव्या हाताला सलाईन लावलं, ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ ओढला.

“कोकिळाताई, मी थोडं थोडं औषध देणार. तोवर तुम्ही बोलत राहायचं. ओठाला मुंग्या आल्या, कानात आवाज आला, तोंडाची चव बदलली, तर लगेच सांगायचं.”

“काय बोलू?”

“काहीही.”

कोकिळा छताकडे बघत राहिली. भगवानराव पुढे झाले. “तिले बोलाची सवय नाई, म्याडम. तुमी मले इचारा.”

“औषध त्यांच्या अंगात जाणार, भाऊ. आत काय होतंय ते तुम्हाला कसं कळेल?”

भगवानराव स्टुलावर बसले.

सुई टोचली. सुई शिरेत तर नाही ना, म्हणून डॉक्टरांनी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून पाहिला. रक्त आलं नाही. थोडं औषध सोडलं, थांबल्या, पुन्हा मागे ओढलं.

“बोला.”

“पुढच्या साली...” कोकिळा अडखळली. “पुढच्या साली विहिरीखालच्या वावरात पऱ्हाटी नाई लावाची, असं वाटते मले. जवारी पेराची. ढोराइले कडबा होते, आपल्याले भाकर होते. आमच्या मायच्या घरी...”

ती बोलत होती, आणि भगवानराव आ वासून ऐकत होते. सुई चिरेच्या कडेनं पुढे सरकत होती. अर्धी चीर बधीर झाली. जवारीवरून कोकिळा तुरीवर आली, तुरीवरून चवळीवर. आणि मधेच थांबली.

“काय झालं?”

“तोंडात लोखंडावानी लागते.”

डॉक्टरांनी त्याच क्षणी सुई बाहेर काढली. “कानात?”

“रातकिडे... वरडून राह्यले.”

“गौरी, ऑक्सिजन.”

मास्क चढला. डॉक्टरांची बोटं नाडीवर होती, नजर कोकिळाच्या डोळ्यांवर. गौरीनं झटके थांबवायचं औषध भरून हाताशी ठेवलं. भगवानराव उठून उभे राहिले. काय झालं, काय झालं, असं ते विचारत होते. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. शेवटी त्यांनी बायकोचं पाऊल घट्ट धरलं.

“कोकिळाताई, मोठा श्वास घ्या. माझ्याकडे बघा. कुठलं वावर म्हणालात?”

“विहिरी... खालचं.” जीभ जड झाली होती.

“हं. अजून?”

बाहेरच्या रस्त्यावरून एक एसटी गेली. तिचा आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही.

“गेले,” कोकिळा मास्कआडून म्हणाली. “रातकिडे गेले.”

डॉक्टरांनी कपाळ बाहीला पुसलं. “शिरेत गेलं असावं थोडं. रक्त दिसलं नाही, तरी जातं कधी कधी. यांनी सांगितलं म्हणून तिथंच थांबता आलं.” मग भगवानरावांकडे वळून म्हणाल्या, “नसतं सांगितलं, तर सगळं दिलं असतं मी.”

बऱ्याच वेळानं, नाडी पुन्हा पुन्हा पाहून झाल्यावर, बधीर झालेल्या भागाला टाके पडले. उरलेली चीर वरवरची होती. तिला पुन्हा औषध न देता डॉक्टरांनी चिकटपट्ट्या ओढून लावल्या. “आज इथंच थांबा. संध्याकाळी बघून सोडते. आणि पुढं कुठंही असं इंजेक्शन घ्यायची वेळ आली, तर आजचं आधी सांगायचं. तुम्हीच सांगायचं.”

कोकिळानं मान हलवली. मग म्हणाली, “सांगीन.”

दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर दोघं उन्हाला बसले. भगवानरावांनी तिच्यासाठी चहा आणला होता, बिस्किटं आणली होती. ती बुडवून बुडवून खात होती. ते बघत होते. तिचं खाणं असं समोर बसून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“जवारीले डुकरं येतात ना पण,” ते म्हणाले. “डुकरापाईच तं सोडली आपन जवारी.”

“येऊ द्या. जागलीले मी बी येईन.”

भगवानरावांनी उरलेली बिस्किटं तिच्याकडे सरकवली.

“मंग मचान मोठं बांधा लागन,” ते म्हणाले.