बंदरावरच्या टाळ्या

'हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.'

आईने बोट पुन्हा त्याच जागी टेकवलं. पुन्हा तेच वाक्य. सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता, हट्टाला पेटलं की देशसुद्धा बदलतो अशा थाटात.

तिचा मुलगा जहाजावर वेल्डर होता. जहाजाला आग लागली. जेवढे वाचले तेवढ्यांना एकाच बोटीतून परदेशातल्या एका बंदरावर आणलं आणि तिथल्या एका वाहिनीने एकेकाला उतरताना दाखवलं. नावं कुणी सांगेना. कंपनीचा फोन नुसता वाजत होता. मुलगा त्या व्हिडिओत असला तर वाचला. नसला तर, याच्या पुढे जायची तिची छाती होत नव्हती.

शेजारच्या मोबाईलवाल्याने आपली विद्या पाजळून पाहिली होती. "काकू, या ॲपने तुम्हाला घरबसल्या परदेशात नेऊन बसवतो बघा," म्हणत त्याने बरेच देश फिरवले. वाहिनी त्याच्याहून बेरकी निघाली. शेवटी त्यानेही हात टेकले आणि मान खाली घालून गेला.

बाप इस्त्री करत होता. दुकानच इस्त्रीचं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून करत होता. तीच पँट पुन्हा पुन्हा टेबलावर येत होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती त्याच देशात राहायची, पण बंदरापासून पार दुसऱ्या टोकाला.

"मामी, माझ्याकडे लॅपटॉपवर लागतंय! फोनमधून तुम्हाला सगळं अंधुक दिसेल. मी बघते. दादा दिसला की तिथेच थांबवते आणि फोन समोर धरते."

"लाव, लाव. अहो, इकडे या!"

"पण मामी, दादाला पाहून किती वर्षं झाली. गर्दीत ओळखू कसा?"

"बाह्या बघ," बाप म्हणाला. "कोपराच्या वर, चपट्या घडीने दुमडलेल्या असतील. गुंडाळलेल्या नाही."

"आग लागलेल्या जहाजावर, मामा?"

"इस्त्रीवाल्याचं पोर आहे ते."

भाचीने फोन टेबलावर ठेवला. आता फोनमध्ये नुसतं तिच्या घराचं छत दिसत होतं. आवाज मात्र येत होता. परकी भाषा, वारा, मग टाळ्या. बंदरावरची माणसं उतरणाऱ्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होती. टाळ्या थांबल्या की आई फोनवर आणखी वाकायची. पुन्हा टाळ्या. "हाच असेल," ती पुटपुटायची. भाची गप्प. पुन्हा टाळ्या. "मग हा." भाची गप्पच. कुणाची तरी पोरं सुखरूप उतरत होती आणि त्यांचा आईला राग येत होता.

मग टाळ्या आल्याच नाहीत. कुणीतरी बातमी आटोपल्यासारखं भराभर बोललं आणि संगीत वाजलं. बाप इस्त्री हातात धरून तसाच उभा होता.

फोनमध्ये छतच दिसत राहिलं.

"मामी," बऱ्याच वेळाने भाचीचा आवाज आला. ती समोर आली नाही. "इथेही लागत नाहीये गं. मघाशी वाटलं, लागेल म्हणून."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"तिच्याकडे नेट नसेल," तो म्हणाला.

"तेच म्हणते मी. नेटच नसेल."

फोनमधून हुंदका आला. आधी दाबलेला, मग दाबता न आलेला.

आईने फोन अगदी तोंडाजवळ धरला. एखाद्या हट्टी मुलीला दटावावं तसा तिचा आवाज चढला.

"रडतेस काय, वेडे? व्हिडिओ लागला नाही म्हणून कुणी एवढं रडतं का?"