कुरकुर थांबल्यावर

"त्याला पुन्हा स्टिअरिंग दाखवू नकोस, अफिफा," अम्मींनी बजावलं होतं. "खेळातलंच तर आहे, अम्मी," म्हणत मी ते हसण्यावारी नेलं. माळशेज घाटात टेम्पो उलटल्यापासून माझा नवरा तन्वीर गाडीत बसायलाच तयार नव्हता. निदान कॉम्प्युटरवरच्या शर्यतीत तरी बसू दे, म्हणून मीच तो स्टिअरिंगचा स्टँड आणला.

पण वळण घेतलं की स्टँड असा कुरकुरायचा की बाळ दचकून उठायचं. शेवटी मी ढिल्या सांध्यांची मापं घेतली, भावाच्या थ्रीडी प्रिंटरवर त्यांत बसणारे प्लॅस्टिकचे बुश छापून आणले आणि तन्वीरने ते बसवले.

"आता बोल!" म्हणत त्याने चाक गरकन फिरवलं. स्टँड गप्प.

दुपारी मी चहा घेऊन गेले, तर तन्वीरचाच आवाज ऐकू आला. स्क्रीनवर बाकीच्या गाड्या सुसाट पुढे निघून गेल्या होत्या. वळण आलं की हा वेग कमी करायचा, डावीकडे बघून हळूच विचारायचा, "आदेश, मोकळं हाय का रं?" जरा थांबायचा, मान डोलवायचा आणि मगच वळायचा.

आदेश त्याचा क्लीनर. घाटातल्या धुक्यात खिडकीबाहेर वाकून त्याला रस्ता सांगायचा. अपघातातून दोघंही वाचले, पण तेव्हापासून आदेश घाटाजवळच्या मढ गावी घरातच असतो, कुणाचा फोन घेत नाही.

मी कप हातात धरून बघतच राहिले. एकही वळण तन्वीरने त्याला विचारल्याशिवाय घेतलं नाही.

मढवरून जाणार असाल, तर आदेशकडे जरा डोकावा. तोही एकटाच बसून कुणाला तरी "मोकळं हाय, येऊ द्या" म्हणतोय का, एवढं बघा.