हसणारं भूत

"बाकी भुतं ठीक होती, पण ते एक भूत हसलं आणि सगळी मजा गेली," मॅटिनीतून बाहेर पडलेला डाइंग मिलमधला एक जण मॅनेजरला सांगत होता.

उधन्याच्या गिरणीवस्तीतल्या त्या थिएटरात भुताच्या जहाजाचा सिनेमा लागून आठ दिवस झाले होते. आणखी आठवडाभर ठेवायचा की उतरवायचा, ते लोकांना विचारून ठरवू, असं मालकाचं म्हणणं होतं. म्हणून मॅनेजर चंद्रकांत दारातच उभा राहून एकेकाला विचारत होता. कुणाला जहाज आवडलं होतं, कुणाला गाणी नकोशी झाली होती. एका बाईंनी तर डोळे मिटूनच अर्धा सिनेमा काढला होता आणि तरीही त्यांना तो फार आवडला होता. हसणाऱ्या भुताबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. डेकवर चाळीस मेलेले खलाशी रांगेने उभे राहतात, कॅमेरा त्यांच्या तोंडांवरून सरकत जातो, आणि त्यातला एक जण ओठ दाबता दाबता फिसकन हसतो. तिथे आख्खं थिएटर हसत सुटायचं.

"उद्यापासून तेवढा तुकडा कापूनच टाकतो," चंद्रकांत म्हणाला.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बळीरामने ते ऐकलं. शेजारी रुक्मिणी होती. तिनेही ते ऐकलं होतं.

दोघं नवराबायको तिथून जवळच डिंडोलीला राहत. बळीराम जालन्याकडून इकडे कापडाच्या लूमवर कामाला आला, त्याला वीस वर्षं होत आली होती. मुलाला, सागरला, तो खडखडाट सोसवेना. तो भावनगरकडच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडायच्या कामाला गेला. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने गंमत सांगितली होती. तिकडे एका जहाजावर सिनेमावाले आले होते, त्यांनी चाळीस मजुरांच्या तोंडाला पांढरा रंग फासला आणि भुतं म्हणून उभं केलं. त्यातलं एक भूत मी, सिनेमा लागला की तुला दाखवतो, असं तो आईला म्हणाला होता.

संक्रांतीनंतर आठच दिवसांनी जहाजाचा पत्रा त्याच्या अंगावर कोसळला. बळीराम तिथे पोचेपर्यंत लोकांनी अग्नी देऊन सगळं उरकलं होतं. त्याच्या हाती फक्त सागरची पेटी आली. घरातले फोटो आदल्या पावसाळ्यात खाडीच्या पाण्याने नासून गेले होते. पोराचं तोंड म्हणून पाहायला काहीच उरलं नव्हतं.

सिनेमा लागला त्या दिवशी ती दोघं पहिल्या शोला येऊन बसली. पडद्यावर चाळीस तोंडं आली, सगळी सारखीच पांढरी. रुक्मिणीने अंधारात त्याचा दंड धरला आणि ती विचारत राहिली, आपला कुठला, आपला कुठला. बळीरामला सागर ओळखू आला नाही. बापाला आपलं लेकरू ओळखू येईना, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? तेवढ्यात ते एक भूत हसलं. "त्यो बघ," तो बोलून गेला. सगळं थिएटर हसत होतं आणि रुक्मिणी पदर तोंडात कोंबून रडत होती. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली. आजची त्यांची चौथी खेप होती.

बळीराम पुढे झाला.

"तेवढं कापू नका साहेब," तो म्हणाला. "आमचं लेकरू हाय ते."

मग त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. डाइंग मिलवाल्याने मान खाली घातली. चंद्रकांत दोघांना घेऊन जिना चढला आणि ऑपरेटरच्या खोलीत गेला. तुकडा आता कापायचा नाही, त्याने ऑपरेटरला सांगितलं, फक्त त्यातली दोन चित्रं यांना काढून दे, तेवढी गेली तर पडद्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. फोटो स्टुडिओवाला ती मोठी करून देईल, भिंतीवर लावता येतील, असं तो रुक्मिणीला समजावत होता. ऑपरेटरने कात्री चालवली. दोन बोटांएवढी पट्टी चंद्रकांतने तिच्या तळहातावर ठेवली आणि तिला खिडकीकडे नेलं.

बळीराम एक पाऊल मागेच राहिला. पडद्यावर ते तोंड पापणी लवेपर्यंत निघून जायचं. आता ते हलणार नव्हतं.

रुक्मिणीने पट्टी उजेडासमोर धरली. बळीरामनेही तिच्या खांद्यावरून पाहिलं. मुलगा सागरच्याच वयाचा होता. पण नाक बसकं होतं, आणि हसताना पुढचा अर्धा तुटलेला दात दिसत होता. सागरचे दात कसे एकसारखे होते. हा कुठला तरी लांबच्या मुलखातला, तिथे पोटासाठी आलेला दुसराच कुणीतरी होता.

रुक्मिणी बराच वेळ बघत राहिली. मग तिने वळून बळीरामकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिने त्याच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला. तिने डोळे पुसले, पट्टी पदराने हलकेच टिपली आणि चंद्रकांतच्या हातात परत दिली.

"होती तिथं जोडा साहेब," ती म्हणाली. "ह्याच्या मायनं ह्याला आजून बघितलं नसंल."