मालकाची केबिन

बोटींच्या प्रदर्शनात पहिल्या कंपनीची मुलगी धापा टाकणाऱ्या बाबांकडे बघून म्हणाली, "वेळ ठरवून या." दुसरीने हातात माहितीपत्रक कोंबलं आणि बोट लांबूनच दाखवली. तिसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याने मात्र आमची जावयासारखी बडदास्त ठेवली. बाबांना हाताला धरून यॉटवर चढवलं आणि थेट मालकाच्या केबिनमध्ये नेलं.

"काका, पलंगावर आडवे होऊन तर बघा!"

बाबा आडवे झाले. मी पाठीशी चार उशा लावल्या. धाप जरा कमी झाली.

"कसं वाटतंय, बाबा?"

"घेऊन टाक," बाबा डोळे मिटून म्हणाले. "दोन घे."

विक्रेता खूश झाला. "अजून कुठे कुठे बघून आलात, साहेब?"

"सकाळपासून पाच हॉस्पिटलं झाली. कुठेच बेड रिकामा नाही. शेवटच्या हॉस्पिटलसमोर तुमचा फलक दिसला, सहा बेडरूमची बोट."

विक्रेत्याचं हसू विरलं. तो बाहेर गेला आणि दाराला 'विकली' अशी पाटी अडकवून परत आला.

"आता इकडे कुणी फिरकणार नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पण प्रदर्शन सहाला बंद होतं."