कवळीचं आंदण

"एकच किडलाय, बाकीचे ठणठणीत. तेवढाच काढू?" दंतवैद्यांनी मला विचारलं. बाबा खुर्चीत तोंड वासून पडले होते. खुर्चीतल्या माणसाला विचारायची इथे पद्धतच नाही. आमच्या क्वेबेकात लेकीचं लग्न ठरलं, की बाप तिचे सगळे दात काढून कवळी आंदण द्यायचा. जावयाला पुढे तिच्या दातांचा खर्च नको म्हणून. एकोणिसाव्या वर्षी याच खुर्चीत माझे अठ्ठावीस शाबूत दात गेले. बाबा समोर घरच्या बागेतलं सफरचंद कराकरा खात म्हणाले, "रडतेस काय, ऑरोर? सासरी कुणी नावं ठेवणार नाही." तेव्हापासून मी सफरचंद किसून खाते. आता बाबांनी माझी बाही धरली. मी बोटं सोडवली. "सगळेच काढा, डॉक्टर. या वयात हेलपाटे नकोत." चौथ्या दिवशी बाबा जेवायला बसले. मी बागेतलं टणक सफरचंद त्यांच्यापुढे अख्खं ठेवलं आणि माझं किसायला घेतलं.